पांढऱ्या कागदातली गौतमी

मंठ्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोत्यांवर जी नावं असायची ती सगळी अप्पारावच्या हातची. पोतं ज्वारीचं असो की मुगाचं, त्यावर अडत्याचं नाव, गावाचं नाव आणि एक आकडा काळ्या शाईनं उमटलेला असायचा, आणि तो उमटवायचा छापा अप्पाराव कापायचा. जाड कागद जवसाच्या तेलात भिजवून वाळवायचा, त्यावर अक्षरं आखायची आणि कोरून काढायची. मग तो पोत्यावर ठेवून वरून शाईचा कुंचा फिरवला की भोकांतून अक्षरं खाली उतरतात. काम दिसायला सोपं. ज्याला सोपं वाटतं त्यानं 'मंठा' एवढा एकच शब्द कापून बघावा. ठ कोरला की त्याचं पोट गळून खाली पडतं आणि पोत्यावर नुसता काळा गोळा उमटतो. म्हणून त्या पोटाला दोन्ही बाजूंनी कागदाची बारीक पट्टी राखायची असते. अप्पाराव तिला दुवा म्हणायचा. दुवा राखायला विसरला त्याला मोंढ्यात कुणी पुन्हा बोलवत नसे.

सर्जेरावच्या चहाच्या हॉटेलाला लागून पत्र्याची एक पडवी होती, तिथं अप्पाराव बसायचा. करवतीच्या पात्याचा तुकडा दगडावर घासून त्यानं सुरी केली होती. ती एकदा कागदात शिरली की अक्षर पुरं झाल्याशिवाय बाहेर निघत नसे. अक्षर पुरं झालं की अंगठ्यानं आतला तुकडा पाडायचा, वर फुंकर मारायची, डाव्या हातानं खालचा कचरा गोळा करून शेजारच्या भट्टीत लोटायचा आणि त्याच वेळी उजव्या हातानं छापा उजेडाकडं धरून कडा साफ निघाल्यात का बघायचं. वीस वर्षं हेच चाललेलं. डोकं दुसरीकडं असलं तरी हात आपलं काम करून मोकळे होत. तेल प्यालेले ते तुकडे असे भुरभुर पेटायचे की सर्जेराव म्हणायचा, अप्पाच्या कचऱ्यावर माझं दूध उतू जातंय. या धंद्याचा हिशोबच तसा. जे पडलं तो कचरा, जे राहिलं तो माल.

घरी मात्र अप्पाराव वेगळंच काहीतरी करायचा. आणि ते काय करतो हे त्याच्या वस्तीत, भीमनगरात, कुणाला धड सांगता येत नसे, त्याला स्वतःलाही नाही. पांढरा ड्रॉइंगचा ताव घ्यायचा. त्याला तेल नाही, शाई नाही, पेन्सिलीची रेघसुद्धा नाही. तीन बाजूंनी कापायचं, चौथी बाजू राखायची आणि कापलेला भाग तिथून घडी घालून वर उचलायचा. कागदातून काही खाली पडता कामा नये आणि कागदाला काही चिकटवता कामा नये, हा त्याचा नियम. दिवसभर जे कापून टाकायचा त्याचं बहुधा घरी येऊन असं उट्टं काढत असावा. एकदा बुद्धजयंतीला त्यानं विहारात एक ताव लावला होता. त्यात पिंपळाचं पान होतं, एक काप आणि एक घडी, बस. सकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला तेव्हा ते पान असं काही उठून दिसलं की त्याचे त्यालाच डोळे भरून आले. पण माणसं आली दुपारी. उजेड डोक्यावर गेलेला, सावली गायब, आणि भिंतीवर कोरा कागद. कागद तर लावलास, आता चित्र कधी काढणार, असं दोघातिघांनी विचारलं आणि सगळे पोट धरून हसले.

हसली नाही ती एक गौतमी. त्याची सात वर्षांची मुलगी. तिला बापानं कधी काही समजावून सांगितलं नाही, पण कागद पुरा झाला की ती तो उचलून दारात न्यायची, इकडून तिकडून फिरवायची, मान वाकडी करायची आणि मग एका जागी थबकायची. दिसलं, एवढंच म्हणायची. जगात अप्पारावचं काम बघणारं एवढं एकच माणूस होतं, आणि त्याला तेवढं पुरत होतं.

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाऊन ही पोरगी तगली. चौऱ्याहत्तर साली पाऊसपाणी चांगलं, रानं हिरवीगार, घरात दाणा, आणि श्रावणात दोन दिवसांच्या जुलाब-उलट्यांनी ती गेली. कुठला न्याय म्हणायचा हा? अप्पारावची बायको बेबीनंदा कितीतरी दिवस तेवढंच विचारत राहिली. 

मागं राहिला तो एक फोटो. त्याच साली बुद्धपौर्णिमेला जालन्याचा एक फोटोवाला वस्तीत आला होता. पांढरा फ्रॉक, दोन वेण्या, छातीपर्यंतचा फोटो. तोंडावर उजेड कमी पडतोय म्हणून त्यानं अप्पारावला बाजूला उभं केलं होतं आणि हातात पांढरा ताव धरायला लावला होता, म्हणजे उन्हाची झळाळी पोरीच्या गालावर पडावी. बटण दाबायच्या वेळेलाच नेमकी पलीकडून एक बकरी ओरडत गेली आणि पोरीनं तोंड फिरवलं. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर गौतमी एका बाजूनं उमटली, एक डोळा, एक कान, जराशी वर आलेली हनुवटी. दुसरा फोटो काढायला फोटोवाला तयार झाला नाही. बेबीनंदानं तेव्हा बकरीला आणि पोरीला दोघींनाही शिव्या दिल्या. आता तोच फोटो ती लुगड्याच्या घडीत गुंडाळून पेटीत ठेवायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही.

वर्ष होत आलं. श्रावणात पोरीचा स्मृतिदिन करायचा, गाथा म्हणायच्या, तीर्थपुरीहून माहेरची माणसं बोलवायची आणि बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या मधे फोटो ठेवायचा, असं बेबीनंदानं ठरवलं. त्यासाठी तिनं पेटी उघडली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. फोटोला कडेनं तांबूस डाग धरला होता. फोटोवाल्यानं धुलाई नीट केली नसावी किंवा पावसाळी हवा लागली असावी, देव जाणे. वेणीच्या टोकापर्यंत डाग आला होता. आठ दिवसांनी बघितलं तर कानाजवळ आला. फोटो पोरीला कडेकडेनं खात चालला होता.

अप्पारावला रात्रंदिवस तेच दिसायला लागलं. आंबा एका बाजूनं नासला की तेवढी बाजू कापून उरलेला वाचवतात, त्यानं हे डोक्यात घेतलं ते घेतलंच. चेहरा अजून साफ होता. डागाळलेला भाग सोडवून चेहरा तेवढा कापून घ्यायचा, पांढऱ्या तावावर बसवायचा, म्हणजे डागाला पुढं सरकायला जागाच उरणार नाही. चिकटवायचं नाही हा नियम तो मोडायला तयार होता. पोरीसाठी शंभर नियम मोडले असते. बायकोला विचारायला पाहिजे होतं. पण विचारलं तर ती फोटोजवळ सुरी येऊ देणार नाही हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. ती खुरपणीला गेल्यावर त्यानं पेटीतून फोटो काढला आणि मोंढ्यात आपल्या जागेवर घेऊन गेला, कारण तिथल्यासारखा उजेड आणि तिथल्यासारखी फळी घरात नव्हती.

इतकं साफ काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. केसांच्या कडेनं सुरी उतरली, कपाळावरून नाकावर आली, ओठांची दोन वळणं घेतली, हनुवटीखालून मानेला वळसा घालून पुन्हा वेणीला मिळाली. दुवा ठेवायचा प्रश्नच नव्हता, चेहरा पुरा सुटा करायचा होता. काप पुरा झाला. अंगठ्यानं दाब दिला. फुंकर मारली. डावा हात फळीवरून फिरला. उजव्या हातानं फोटो उजेडाकडं धरून त्यानं कडा बघितल्या. साफ, बिलकुल साफ निघाल्या होत्या, आणि एक क्षण त्याला आपल्या हाताचं कौतुकसुद्धा वाटलं.

मग त्या कडांच्या मधून त्याला समोरचा रस्ता दिसला. एक बैलगाडी चालली होती.

हातात डागाळलेला कागद होता आणि त्यात पोरीच्या तोंडाएवढं भोक होतं. भट्टीकडं वळायच्या आधीच त्याला सगळं कळलं होतं. कागद फळीवर टाकून त्यानं उजवा हात तसाच निखाऱ्यात घातला. हाताला राख लागली, आणि राखच लागली. सर्जेराव धावत आला, दंड धरून त्यानं अप्पारावला मागं ओढलं, काय झालं म्हणून दहा वेळा विचारलं.  सर्जेरावला वाटलं, कुणाच्या छाप्याचा तुकडा चुकून गेला असेल, एवढं काय त्यात.

संध्याकाळी बायकोनं हात बघितला. जवसाचं तेल तापवताना अंगावर आलं, असं त्यानं सांगितलं. तिनं कोरफड चिरून बोटांवर गर लावला, धडप्याची पट्टी बांधली, आणि पेटीतला फोटो कुठं आहे म्हणून विचारलं. जालन्याला दिलाय, मोठा करून चौकटीत बसवून मिळणार, डाग पण काढतात ते. हे खोटं त्याच्या तोंडून इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. बेबीनंदाचा चेहरा उजळला. वर्षभरात पहिल्यांदा उजळला. 

स्मृतिदिनाला आठ दिवस होते. या आठ दिवसांत बेबीनंदानं वस्तीतल्या प्रत्येक घरी सांगितलं, की माझ्या गौतमीचा मोठा फोटो येणार आहे. तसबिरींच्या मधली जागा तिनं सारवल्यासारखी पुसून ठेवली. रोज सकाळ-संध्याकाळ नवऱ्याच्या हाताला कोरफड लावली आणि लावता लावता फोटोबद्दलच बोलली. असं आठ दिवस जगण्यापेक्षा हात पुरा जळाला असता तर बरं, असं अप्पारावला वाटायचं.

चौथ्या दिवशी तो एस.टी.नं जालन्याला गेला. फोटोवाला म्हातारा होता, आठवण चांगली होती, बकरीसुद्धा त्याला आठवत होती. पण मागच्या पावसाळ्यात त्याच्या दुकानाचं छत गळलं होतं. त्यानं कपाटातून एक पुडकं काढून समोर ठेवलं. शेदोनशे निगेटिव्ह एकमेकींना चिकटून त्यांची वीट झाली होती. अप्पारावनं डाव्या हाताच्या नखानं वरची एक सोडवून बघितली. ती सुटली, पण चेहरा खालच्या फिल्मला चिकटून राहिला आणि हातात नुसती काच आल्यासारखी पारदर्शक पट्टी आली.

"ह्यात तुमची पोरगी असंलबी," म्हातारा म्हणाला. "पन आता ह्यातलं कुनीच कुनाचं राह्यलं न्हाई."

अप्पाराव उठेना, तेव्हा म्हाताऱ्याला त्याची कीव आली असावी. त्यानं दुसरा एक डबा उघडला आणि फोटो मांडले. तेवढ्याच वयाच्या पोरी, पांढरे फ्रॉक, दोन-दोन वेण्या. ह्यातला एखादा मोठा करून देऊ का, असं त्यानं हळू आवाजात विचारलं. माणसं नेतात म्हणाला, वर्ष उलटलं की आईलाही फरक कळत नाही. त्याला ओरडावं, त्याचा डबा फेकून द्यावा, असं काहीही अप्पारावनं केलं नाही. त्यानं फोटो बघितले. एकीची हनुवटी थोडी तशीच होती. तो फोटो त्यानं हातात घेतला, आणि चांगली पाच मिनिटं हातात ठेवला. मग आपण काय करतोय हे ध्यानात येऊन त्याला अशी किळस आली की तो दुकानाच्या पायरीवर येऊन ओकला.

उरलेले दिवस त्यानं पांढऱ्या कागदावर काढले. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती म्हणून सुरी डाव्या हातात धरली. आठवणीतून चेहरा कापायचा. एक ताव गेला, दोन गेले, दहा गेले. नाक जमलं तर ते कुणाचंही नाक व्हायचं. डोळा कापायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की तिचा डोळा त्याला आठवतच नाही. सात वर्षं पोरगी त्याच्यासमोर बसली आणि तो आपला कागदाकडं बघत राहिला. हे कळलं तेव्हा तो सुरी खाली ठेवून दोन्ही गुडघ्यांत तोंड घालून बसला. भुवया कशा होत्या गं तिच्या, असं त्यानं बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती भाकरी थापत होती. आता परवा फोटो येईलच की, मंग बघा पोटभर, असं ती म्हणाली आणि हसली.

शेवटच्या दिवशी तिन्हीसांजेला त्याच्याकडं एकच ताव उरला. तेव्हा त्यानं ते केलं जे आठ दिवस त्याला करवलं नव्हतं. छाप्यांच्या चळतीत खाली दडवलेला तो फोटो, म्हणजे फोटोतलं ते भोक, त्यानं बाहेर काढलं. डाग आता सगळीकडं पसरला होता, फ्रॉक आणि वेणी ओळखू येत नव्हती. पण भोकाची कड जशीच्या तशी होती. कपाळ, नाक, दोन ओठ, वर आलेली हनुवटी. हा छापाच होता. वीस वर्षांतला सगळ्यात साफ छापा, आणि तो कापून अप्पाराव आठ दिवस घरात घेऊन बसला होता.

ताव फळीवर ठेवून त्यावर त्यानं फोटो ठेवला. डाव्या हातानं सुरी भोकाच्या कडेला टेकवली आणि नुसती कडेच्या मागं मागं जाऊ दिली. हाताला काही करायचं नव्हतं, वाट तयार होती. मानेच्या मागं, वेणी जिथं सुरू व्हायची तिथं, बोटभर जागा आली तेव्हा तो थांबला. तिथं त्यानं कागद राखला. फोटो बाजूला केला आणि त्या राखलेल्या जागेवर घडी घालून चेहरा अलगद वर उचलला. काही खाली पडलं नाही. एवढ्या मोठ्या पांढऱ्या तावात अंड्याएवढी गौतमी, तिला डोळा नाही, भुवई नाही, काही नाही. डोळा आपल्याला माहीत नाही तर तो काढायचा नाही, असं त्यानं ठरवलं.

सकाळी आभाळ गच्च भरून आलं होतं. बेबीनंदा पांढरं लुगडं नेसून आली. चौरंगावर पांढरं वस्त्र, त्यावर दोन तसबिरी, फुलं, पुढं मेणबत्ती. आणि मधल्या जागेवर पुठ्ठ्याला टेकवलेला एक कोरा कागद.

तिला वाटलं फोटोवर झाकण घातलंय. तिनं कागदाला हात घातला तेव्हा अप्पाराव म्हणाला, "थांब. फोटो न्हाई."

मग त्यानं सगळं सांगितलं. पेटीपासून भट्टीपर्यंत. मधे थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. जालन्याला हातात घेतलेला दुसऱ्या पोरीचा फोटोसुद्धा सोडला नाही. बेबीनंदा हळूहळू खाली बसली. तिनं त्याचा उजवा हात हातात घेतला, पट्टी सोडली आणि बोटं बघितली.

"हे तेल न्हवतं तर," ती म्हणाली.

"न्हाई."

"आठ दिस मी ह्या हाताला कोरफड लावून राह्यले."

तिनं तो हात सोडून दिला. फेकला नाही, नुसता सोडला, आणि तो त्याच्या मांडीवर येऊन पडला. ती रडेल, बोंब मारेल, वस्ती गोळा करेल, असं त्याला वाटत होतं आणि तसं झालं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. पण ती मधल्या कागदाकडं वळली. तिनं विचारलं, की ह्या कागदात काय आहे. तीच आहे, तो म्हणाला. पण उजेड बाजूनं लागतो, आणि आज ऊन नाही.

बेबीनंदानं मेणबत्ती उचलली. आयुष्यात त्याच्या एकाही कागदाकडं तिनं नीट बघितलं नव्हतं. तिनं मेणबत्ती डावीकडं धरली, काही दिसलं नाही. खाली धरली, वर धरली. मग उजवीकडं नेली, आणि मान वाकडी करून बघताना एका जागी थबकली. कागदावर सावलीची एक बारीक रेघ उतरली होती, कपाळावरून नाकावर, नाकावरून ओठांवर. अप्पाराव तिच्या तोंडाकडं बघत होता. या वेळी त्याला कागदाकडं बघायचं नव्हतं.

"मान येवढीच न्हवती वळली," ती म्हणाली.

तिनं मेणबत्ती चौरंगाच्या कडेला ठेवली आणि अंगठ्यानं तो चेहरा घडीवर आणखी थोडा वळवला. सावली गालावर पसरली. "येवढी वळली व्हती. बघा."

"बकरी तिकडून गेल्ती," तो म्हणाला.

"बकरी कवाच पुढं गेल्ती. बकरीला मी उगंच शिव्या घातल्या." तिचा आवाज आता फुटला. "तुम्ही कागद धरून उभे व्हते न्हाई का बाजूला? ती त्या कागदाकडं बघत व्हती. तुमच्या हातातल्या. त्यात काय दिसतंय ते हुडकून राह्यली व्हती."

अप्पारावला आता रडू आवरलं नाही. तो पोरीच्या मौतीतही असा रडला नव्हता. बेबीनंदाही रडली, पण त्याच्याजवळ सरकली नाही. दोघं चौरंगाच्या दोन बाजूंना बसून आपापलं रडले.

थोड्या वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "हे टिकंल का?"

आता तिच्याशी पुन्हा खोटं बोलायचं नाही, एवढं त्याच्यात उरलं होतं. "घडी हाय. रोज वळवली तर वर्षभर बी न्हाई जायची. तुटंल."

"मंग?"

"पुन्हा कापता येईल त्या फोटोवरून. पन दर टायमाला सुरी कड खाती. येका छाप्यावरून धा कागद काढले की नाक थोडं मोठं हुतं, हनुवटी खाली येती. करता करता ती राहनार न्हाई."

बेबीनंदा कागदाकडं बघत बसली. दारातून तीर्थपुरीच्या माणसांचा आवाज येऊ लागला होता. कुणीतरी बाहेर चिखलाचे पाय धूत होतं.

"ती तरी तेवढीच राह्यली असती का?" ती म्हणाली. "आज आठ वर्षांची असती. नाक मोठं झालंच असतं की."

 तिनं चौरंगावरची पांढरी घडी नीट केली, मेणबत्ती आणखी जराशी बाजूला सरकवली, आणि माणसांना आत घ्यायला उठली. दारात तिनं पहिल्यालाच सांगितलं, इकडून या, उजेडाच्या आड उभे राहू नका.